सलाईन संपलं, मग नळी कशाला?

जुहूजवळच्या कूपर रुग्णालयात माणूस भरती असला की घरचे विचारतात, "सलाईन संपलं, सुई का काढत नाहीत?" आत सुई नसतेच. राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी. पुढचं इंजेक्शन तिच्यातूनच जातं. नाहीतर दर वेळी नवी टोचणी, आणि लहान पोरांच्या शिरा आधीच सापडत नाहीत. नळीत रक्त गोठू नये म्हणून सिस्टर ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी सोडतात. हातातल्या नळीला बहुधा तेवढं पुरतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन डायलिसिसच्या नळीत भरतात, तेही डॉक्टरांच्या मापाने. पाणी जाताना दुखलं, हात सुजला किंवा लाल झाला, तर रात्रीही सिस्टरला उठून सांगा. अडलेली नळी स्वतः दाबून बघू नका, गुठळी आत सरकते. नळीसह घरी पाठवलं, तरी घरचं मीठपाणी तिच्यात घालू नका. त्यातले जंतू थेट रक्तात जातात.