देवळातील भांडी आणि ग्रंथालयांचा संघ

आमच्या लहानपणी गावात लग्नकार्य निघाले की घरचा कर्ता माणूस आधी देवळाच्या कारभाऱ्याकडे जाई. भाताचा मोठा हंडा, पाणी तापवावयाचे तपेले, पराती, डाव, झारे ही सारी भांडी देवळाची, म्हणजेच गावाची. वर्षातून एखाद्या वेळी लागणारी एवढी भांडी प्रत्येक घराने विकत घेणे कोणालाच परवडले नसते, आणि परवडले तरी ती अकरा महिने माळ्यावर काळी पडली असती. म्हणून गावाने मिळून ती एकदा घेतली. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यावी आणि घासूनपुसून परत करावी. ग्रंथालयांचा संघ, ज्यास हल्ली कॉन्सॉर्शियम म्हणतात, त्याची मूळ कल्पना या भांड्यांहून फार निराळी नाही. मात्र एका ठिकाणी ती निराळी आहे, आणि नेमके तेथेच आपल्या जोयडा तालुक्यातील वाचकाचे अडते. ते कसे, हे समजावून सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम, ही गरज उत्पन्न कशी झाली ते पाहू. शास्त्रांतील नवे ज्ञान पुस्तकांत यावयास वेळ लागतो. ते आधी नियतकालिकांत येते. ही नियतकालिके, म्हणजे जर्नल्स, बहुतेक परदेशी प्रकाशकांची, आणि त्यांची वर्गणी इतकी भारी की एकेका महाविद्यालयाने दहा-वीस घेतली तरी वर्षाचा ग्रंथनिधी संपावा. पुढे ती संगणकावर वाचता येऊ लागली, तेव्हा एक मोठा फरक पडला. कागदी अंक एका वेळी एकच माणूस वाचतो. संगणकावरील अंक कारवारात आणि बंगळुरात शंभर जण एकाच वेळी वाचू शकतात. प्रकाशकास त्यासाठी नवा कागद छापावा लागत नाही. तेव्हा शंभर महाविद्यालयांनी शंभर ठिकाणी घासाघीस करण्यापेक्षा सर्वांच्या वतीने एकानेच करार केला तर दर पुष्कळ खाली येतो, आणि लहान महाविद्यालयाच्या वाट्यासही मोठ्याइतकाच साठा येतो.

आपल्या राज्यात याचे चांगले उदाहरण वैद्यकीय शिक्षणात घडले. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाने २००३ साली आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी ‘हेलिनेट’ नावाचा संघ उभा केला. विद्यापीठाने करार करावयाचे, महाविद्यालयांनी वाटा द्यावयाचा, आणि राज्यभरच्या विद्यार्थ्यांनी वाचावयाचे, अशी ती रचना. कारवारचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न आहे. अभियांत्रिकीसाठी बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने असाच संघ केला, आणि आपल्या शेजारच्या हल्याळचे विश्वनाथराव देशपांडे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्या विद्यापीठाखाली येते. म्हणजे बंगळुरातील बड्या महाविद्यालयाचा मुलगा जे जर्नल उघडतो तेच हल्याळच्या मुलास उघडता यावे, असा हा हेतू आहे. हेतू उत्तम, यात शंका नाही.

कला-विज्ञान-वाणिज्य शाखांच्या महाविद्यालयांसाठी ही सोय अखिल भारतीय पातळीवर झाली. १९९१ साली गुजरातेत ‘इन्फ्लिबनेट’ ही संस्था निघाली. तिच्या द्वारे २०१० साली ‘एन-लिस्ट’ ही योजना सुरू झाली. अनुदानित महाविद्यालयाने वर्षाकाठी पाच-सहा हजार रुपये भरावे आणि सहा हजारांहून अधिक नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके वाचावी, असा तो व्यवहार होता. एका बऱ्या म्हशीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत एवढे ग्रंथभांडार! २०१५ साली निरनिराळे संघ एकत्र करून ‘ई-शोधसिंधू’ झाला. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांस सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे; १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. सरकारी महाविद्यालयात शिकणारी आपली मुले या योजनेत बसतात. त्यांतील किती मुलांस ही गोष्ट ठाऊक आहे, हे पालकांनी घरी एकदा विचारून पाहावे.

आता भांड्यांचा दृष्टान्त जेथे तुटतो तेथे येऊ. देवळातील हंडा गावाच्या मालकीचा. ई-नियतकालिक मात्र मालकीचे नसते; ते मंडपवाल्याच्या भाड्याच्या भांड्यांसारखे असते. भाडे भरले तोवर वापरा. भाडे थांबले की मंडपवाला टेम्पो घेऊन दारात उभा. कागदी अंकाचे तसे नव्हते. १९६० साली घेतलेला अंक, पुढे वर्गणी बंद झाली तरी, कपाटात राहातो. काही करारांत ज्या वर्षांची वर्गणी भरली त्या वर्षांचे अंक पुढेही वाचू द्यावे असे कलम असते, सर्वांत नसते. यास्तव संघाच्या करारात किंमत किती पडली एवढेच पाहून भागत नाही. वर्गणी थांबल्यावर हाती काय उरेल, हेही विचारावयास हवे.

दुसरे असे की, भाड्याची भांडी कोणी वापरावी हेही मंडपवालाच ठरवितो. करारात ‘अधिकृत वाचक’ म्हणजे कोण ते लिहिलेले असते: त्या त्या संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, संशोधक. महाविद्यालयाच्या आवारातील संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता प्रकाशकाकडे नोंदविलेला असतो, त्यामुळे तेथे दार आपोआप उघडते. घरून वाचावयाचे तर प्रत्येकास आपापले नाव व परवलीचा शब्द लागतो. नाव यादीत नसेल तर दार बंद.

या यादीविषयी मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. मी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष महाविद्यालयाचा नव्हता, माझा होता. एन-लिस्टची वर्गणी वेळेवर भरली गेली होती. पुढचे काम एवढेच की विद्यार्थ्यांची नावे पाठवावयाची, म्हणजे प्रत्येकास वाचनाची परवानगी मिळते. त्या वर्षी परीक्षा आल्या, पुस्तकांची मोजदाद आली, आणि यादी माझ्या टेबलाच्या खणात राहिली. त्याच वर्षी आपल्या तालुक्यातील एका वाडीवरची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरी आजी कणगी, कोने, मुडली लावीत असे. मुलीने त्याच कंदमुळांवर प्रकल्प घेतला. एके दिवशी तिने एका लेखाचे पहिले पान छापून माझ्यापुढे ठेवले. पुढील पाने वाचण्यास तीस-चाळीस डॉलर मागितले होते. “सर, हे आमच्याच रानातले आहे ना?” एवढेच ती म्हणाली. तिने दोनदा एस. टी. ने धारवाड गाठले आणि जे मिळाले त्यावर प्रकल्प पुरा केला. मी यादी पाठविली ती पुढच्या सत्रात. तोवर ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली होती, आणि बाहेर पडलेल्याचे नाव यादीत घालता येत नाही. वर्गणी भरली गेली, भांडार उघडे होते, आणि ज्या एका वाचकास त्याची खरी निकड होती तीच बाहेर राहिली. संघाच्या वार्षिक हिशेबात ही गोष्ट कोठेही दिसत नाही.

तिचा प्रश्न मात्र एकटीचा नव्हे. उत्तर कन्नडच्या जंगलांवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. डॉ. माधव गाडगीळ यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना येथील बांबूचा, आणि दांडेलीच्या कागद गिरणीकडे जाणाऱ्या त्याच्या पुरवठ्याचा अभ्यास केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आपले पाणी, आपले वाघ, आपली शेती यांवर लेख निघतात; आणि ज्यांच्याविषयी ते लिहिलेले असतात त्या माणसांचे नाव कोणत्याच यादीत नसते. कुमरीची शेती करणारा कुणबी ‘अधिकृत वाचक’ कसा होणार? पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, प्राथमिक शाळेचा मास्तर, दवाखान्यातील परिचारिका, यांची गतही तीच.

इतरत्र असेच आहे काय? अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९५ साली ‘गॅलिलिओ’ नावाचा राज्यव्यापी संघ काढला. तो विद्यापीठांपासून सुरू झाला, पण लवकरच सार्वजनिक ग्रंथालये व शाळाही त्यात घेतल्या गेल्या. म्हणजे तेथील खेड्यातला माणूस गावच्या वाचनालयाचा सभासद म्हणून त्या भांडारात शिरू शकतो. आपल्याकडे संघ महाविद्यालयांचे, आणि सार्वजनिक ग्रंथालये निराळ्या खात्याची. १९६५ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यासाठी उपकर बसविला, तो आपण भरीत आलो आहो. २०१९ साली ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे गेली, पुढील वर्षी सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस त्यांत फुकट सभासदत्व देण्याची ‘ओदुव बेळकु’ मोहीम निघाली, आणि त्याच २०२० साली ग्रंथालय खात्याने सर्वांसाठी डिजिटल ग्रंथालय उघडले. ही पावले स्तुत्य आहेत. तथापि विद्यापीठीय संघ आणि ग्रामपंचायतीचे ग्रंथालय यांच्यामधील भिंत अद्याप उभी आहे. ती पाडणे आपल्या ट्रस्टच्या हाती नाही. पण तिला कोठे फटी आहेत ते दाखविणे खासच आहे.

‘शोधगंगा’ हे भांडार त्याच इन्फ्लिबनेटचे, पण सर्वांस खुले आहे. २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठांतील प्रबंधांची ई-प्रत द्यावी लागते. त्यामुळे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील प्रबंधही तेथे वाचावयास मिळतात. खरगपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेने चालविलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण झाले. भारतीय विज्ञान संस्थेतील परिस्थितिविज्ञान केंद्राचे सह्याद्रीविषयीचे अनेक अहवाल मोफत आहेत. आणि एखादा लेख अडलाच, तर लेखकास नम्र पत्र लिहावे; बहुतेक विद्वान आपला लेख आनंदाने पाठवितात. ही युक्ती मी त्या मुलीस तेव्हा सांगावयास हवी होती.

आपल्या भाषेविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या मोठ्या संघांतील माल बहुतांशी इंग्रजी. १९५६ पर्यंत आपला तालुका मुंबई राज्यात होता, मराठी शाळांची वहिवाट येथे जुनी. पण मराठी वाचकास या करारांतून फारसे काही लाभत नाही. त्याचे भांडार निराळे, आणि सुदैवाने ते भाड्याचे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचे संपादन आरंभिले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर मोफत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तके तशीच उतरवून घेता येतात. इंग्रजी वाचता येत असेल त्याने १८८३ साली निघालेले मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे कानडा जिल्ह्याचे दोन भाग अवश्य पाहावे. जे सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, त्याच्या मुलखाची माहिती त्यांत आहे. रामनगरात वसविलेल्या कुटुंबांतील नातवंडांस ती पाने घरबसल्या दिसू शकतात. त्यासाठी पूर्वी मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागले असते.

घरबसल्या म्हटले खरे, पण घरात नेटवर्क असेल तर! आपला तालुका जिल्ह्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि वस्तीने विरळ. टॉवर उभारणाऱ्यास त्यात फायदा दिसत नाही. यावर जुना उपाय आठवतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणविले, आणि त्यांच्या नव्या ग्रंथालय खात्यातून लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. आज ती पेटी हाताच्या तळव्याएवढ्या हार्ड डिस्कमध्ये मावते. ‘किविक्स’ नावाच्या मोफत साधनाने विकिपीडिया नेटवर्कवाचूनही वाचता येतो. मात्र एक पथ्य पाळावे: पेटीत घालावयाचे ते खुलेच साहित्य. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. तसले, किंवा प्रकाशकाने स्वतः मोफत दिलेले, तेवढेच घ्यावे. संघाच्या भांडारातून उतरविलेले लेख वाटणे कराराविरुद्ध आहे, आणि एकाच्या उतावीळपणाने साऱ्या महाविद्यालयाचे दार बंद होऊ शकते.

अशी एक पेटी ट्रस्टच्या वाचनालयात तयार करावी, अशी सूचना मी विश्वस्तांपुढे ठेवली आहे. त्याचबरोबर दर जूनमध्ये ट्रस्टने महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची नावे घ्यावी, आणि प्रत्येकाने आपल्या ग्रंथपालास ‘माझे नाव यादीत गेले काय?’ असे विचारले की नाही, हे ऑगस्टमध्ये पुन्हा पाहावे. पेटीची पहिली फेरी दिवाळीनंतर ठेवावी असे माझे मत आहे. पावसात अणशीकडील वाड्यांत संगणक घेऊन जाणे म्हणजे तो भिजविण्यासाठी नेणे होय. ज्यांच्या घरी जुना पण चालू लॅपटॉप पडून असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. बॅटरी बसलेली असली तरी चालेल, तारेवर तो चालतो.