वेबसाईटची नवी हत्यारे आणि 'बीटा'चा अर्थ

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, दुकानाची किंवा कारखान्याची वेबसाईट असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. थानांचे फोटो, मालाचे भाव, ऑर्डरची नोंद, ग्राहकांचे पत्ते, सगळे तिथे जाते. ती बनवणारा मुलगा मात्र आपल्यासमोर बसून सांगतो, "चाचा, नव्या टूलची बीटा आली आहे. सगळे तयार मिळते, काम निम्म्या वेळात होईल." आपण मान हलवतो, कारण यावर काय विचारायचे हेच आपल्याला ठाऊक नसते. म्हणून बीटा म्हणजे काय आणि तिच्यातल्या नव्या सोयी कशा पारखाव्यात, हे आज एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरण जुने आहे, पण मुद्दाम निवडलेले आहे. नव्या बीटाचे पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही, या बीटाचे काय झाले हे आपल्यासमोर आहे.

आधी शब्दाचा अर्थ. कापडाच्या धंद्यात छपाईवाला पूर्ण लॉट छापण्यापूर्वी दोन-तीन मीटरचा नमुना छापून दाखवतो. त्याला आपण स्ट्राइक-ऑफ म्हणतो. रंग, बुट्ट्यांची जागा, कडेचा पट्टा, सगळे त्यावर पाहायचे, खोट दाखवायची आणि मग लॉटला हो म्हणायचे. बीटा म्हणजे सॉफ्टवेअरचा स्ट्राइक-ऑफ. वस्तू जवळजवळ तयार असते, पण कंपनी ती अंतिम म्हणून देत नाही. लोकांनी वापरावी, चुका कळवाव्यात, यासाठी ती बाहेर काढलेली असते. स्ट्राइक-ऑफचा शेड आणि लॉटचा शेड यांत फरक पडू शकतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. इथेही तसेच असते.

आता उदाहरण. मायक्रोसॉफ्ट कंपनीने वेबसाईट बनवण्यासाठी 'एएसपी डॉट नेट' नावाची यंत्रणा २००२ साली बाजारात आणली. ही यंत्रणा म्हणजे माग समजा, आणि 'व्हिज्युअल स्टुडिओ' ही मागावर बसणाऱ्या कारागिराची हत्यारांची पेटी. दोन्हींची मोठी सुधारित आवृत्ती, म्हणजे एएसपी डॉट नेट २.० आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००५, यांची पहिली बीटा जून २००४ मध्ये आणि दुसरी एप्रिल २००५ मध्ये आली. अंतिम आवृत्तीचा समारंभ ७ नोव्हेंबर २००५ रोजी झाला. म्हणजे नमुना दाखवण्यापासून माल उतरेपर्यंत सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला.

त्यात नवे काय होते? सर्वांत उपयोगी सोय आमच्या मते 'मास्टर पेज'. आपले बिलबुक डोळ्यांसमोर आणा. वर दुकानाचे नाव-पत्ता, खाली अटी, हे एकदा छापून घेतलेले असते. आपण फक्त मधली मोकळी जागा भरतो. पूर्वी वेबसाईटच्या प्रत्येक पानावर हा मथळा आणि तळ जोडण्याची व्यवस्था कारागिराला स्वतः करावी लागे. मास्टर पेजमध्ये मथळा, तळ, बाजूची यादी एकदाच लिहायची आणि मोकळी जागा राखून ठेवायची. बाकीची पाने तेवढीच जागा भरतात. दुकानाचा फोन नंबर बदलला तर एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. पन्नास पानांपैकी तीन पानांवर जुना नंबर राहून गेला, ही गोष्ट किरकोळ वाटते, पण त्या तीन पानांवरून येणारा ग्राहक परत जातो.

दुसरी सोय तक्त्याची, तिचे नाव 'ग्रिडव्ह्यू'. मालाचा साठा दाखवायचा, भावाप्रमाणे किंवा मीटरप्रमाणे क्रम लावायचा, यादी लांब झाली तर पानांत वाटायची, जागेवरच आकडा दुरुस्त करायचा, ही कामे आधीच्या तक्त्यात कारागिराला बरीचशी हाताने लिहावी लागत. नव्या तक्त्यात ती खुणा करून चालू होत. कोड सत्तर टक्क्यांनी कमी होईल, असा कंपनीचा प्रचार होता. दुकानदाराच्या अशा आकड्याकडे दुसऱ्या दुकानदाराने जसे पाहावे तसेच आम्ही पाहतो. तक्ते आणि नोंदणी एवढेच काम असेल तिथे बचत मोठी, पण आपल्या धंद्याचा खास हिशोब, म्हणजे दलाली, कसर, उधारीची मुदत, तो कोणत्याही पेटीत तयार मिळत नाही.

तिसरी सोय नीट समजून घ्यावी, कारण तिथे ग्राहकाची अमानत आपल्या हाती असते. ग्राहकाचे खाते उघडणे, त्याला पासवर्ड देणे, विसरल्यास नवा देणे, यासाठी लागणारे तयार भाग या आवृत्तीत आले. त्याआधी प्रत्येक कारागीर हे आपापल्या अकलेने लिहीत असे, आणि बरेच जण पासवर्ड जसाच्या तसा वहीत लिहावा तसा साठवत. वही चोरीला गेली की सर्वांची कुलुपे उघडी. नव्या भागांची मूळ मांडणी अशी होती की पासवर्ड एका गणिती क्रियेतून काढून साठवायचा. रंगात बुडवलेले सूत जसे पुन्हा कोरे करता येत नाही, तसा त्या क्रियेतून निघालेल्या अक्षरांवरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही. म्हणूनच पासवर्ड विसरणाऱ्याला जुना पाठवता येत नसे, नवा द्यावा लागे. अंतिम आवृत्तीत दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खाते आपोआप बंद होई. तेव्हाची ती गणिती क्रिया आज कमजोर मानली जाते, कारण आजची यंत्रे अंदाजाने लाखो पासवर्ड झटपट घालून पाहू शकतात. पण तत्त्व तेच टिकले आहे. वेबसाईट बनवणारा जर म्हणाला की "चाचा, तुमच्या ग्राहकांचे पासवर्ड मी पाहून सांगू शकतो," तर समजावे की काम कच्चे आहे.

चौथी सोय गरीब विद्यार्थ्याच्या फायद्याची. आधीच्या पेटीत वेबसाईटचे काम करायला संगणकावर सहसा आयआयएस नावाचा वेगळा सर्व्हर लागे, आणि घरगुती विंडोज एक्सपीमध्ये तो नव्हताच. नव्या पेटीत चाचणीपुरता छोटा सर्व्हर आतच दिला. शिवाय 'एक्सप्रेस' नावाची लहान पेटी निघाली. ती आधी एका वर्षापुरती फुकट होती, एप्रिल २००६ मध्ये कायमची फुकट झाली. ज्याच्याकडे महागडे सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नव्हती, तो चोरीच्या सीडीशिवाय हे काम शिकू शकला. आमच्या नजरेत बाकी सर्व सोयींपेक्षा याचे मोल जास्त आहे. कारागिराने हाताने लिहिलेल्या ओळी जुनी पेटी आपल्या मर्जीने मागेपुढे करून टाकी, तेही थांबले.

आता बीटाची दुसरी बाजू. पहिल्या बीटात कोड ज्या फोल्डरात ठेवायचा त्याचे नाव 'कोड' होते, दुसऱ्या बीटात ते 'ॲप कोड' झाले. इतर फोल्डरांची नावेही अशीच बदलली. पानाला त्याच्या कोडशी जोडणारे शब्द बदलले. ग्राहकांची खाती पहिल्या बीटात मुळात ॲक्सेसच्या फाईलमध्ये साठत, दुसऱ्या बीटापासून ती जागा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसने घेतली. हा शेवटचा बदल नुसत्या नावाचा नाही. पहिल्या बीटावर कोणी खरी ग्राहकांची खाती उघडून बसला असता, तर त्याला सारा दप्तरखाना एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवावा लागला असता. अंतिम आवृत्ती घालण्याआधी संगणकावरून बीटा पूर्ण काढून टाकावी लागे, ते काम वेगळेच.

कंपनीने दुसऱ्या बीटासोबत 'गो लाईव्ह' नावाचा परवाना दिला होता. इच्छा असेल तर खरी वेबसाईट त्यावर चालवा, पण जोखीम तुमची, असा त्याचा अर्थ. परवानगी आणि हमी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. एक गोष्ट मात्र चांगली होती. जुनी आणि नवी यंत्रणा एकाच सर्व्हरवर शेजारी-शेजारी राहू शकत. जुने दुकान चालू ठेवून नवे बाजूला मांडता येई.

अंतिम झाल्यावरही सगळे मिटले नाही. नव्या पेटीने 'प्रोजेक्ट फाईल' काढून टाकली होती. फोल्डरात जे असेल ती वेबसाईट, इतके सोपे. लहान कामाला ते छानच. पण ज्यांची जुनी मोठी कामे होती त्यांची अडचण झाली, तक्रारी आल्या, आणि २००६ साली कंपनीला जुनी पद्धत जोडपेटी म्हणून परत द्यावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील सुधारणेत ती मूळ पेटीत सामील झाली. नवशिक्याची सोय ती उस्तादाची अडचण, असे हत्यारांच्या बाबतीत अनेकदा घडते.

व्हिज्युअल स्टुडिओ २००५ ला मिळणारी कंपनीची दुरुस्ती एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली. २०१६ सालीच आलेल्या नव्या डॉट नेटमध्ये वर सांगितलेली पाने बनवण्याची पद्धतच घेतलेली नाही. त्यामुळे त्या काळची वेबसाईट नव्यावर जशीच्या तशी चढत नाही, बरेचसे पुन्हा विणावे लागते. आता २०२० पासून दर नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते, तिच्याआधी काही महिने तिचे नमुने येत असतात, आणि प्रत्येक आवृत्तीची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे कंपनी जाहीर करते. सौदा करण्यापूर्वी ती तारीख कारागिराकडून कोटेशनवर लिहून घ्यावी. त्याखाली त्याने वापरलेली आवृत्ती अंतिम आहे की बीटा, ग्राहकांची खाती कुठे साठतात, आणि त्यांची नक्कल दर आठवड्याला आपल्या हाती कशी येणार, हेही लिहून घ्यावे.