आठवण जपावी की सोडावी?



मनामात सकाळचे सहा वाजतात तेव्हा गावाकडे साडेआठ झालेले असतात. माझ्या आईचा फोन याच वेळेला यायचा. ती गेली तेव्हा रजा मिळाली नाही. अंत्यविधी मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे भोगले आहे. मागे एका शुक्रवारी वंदना झाल्यावर एका उपासकाने विचारले, "धम्म सोडून द्यायला सांगतो. मग आईचे व्हॉइस मेसेज पुसून टाकायचे का?"

प्रश्न साधा नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. सहाव्या प्रतिज्ञेने श्राद्धपक्ष आणि पिंडदान आपण कायमचे सोडले. पण कर्मकांड सोडले म्हणजे माणूस विसरायचा, असे बाबासाहेबांनी कुठेही सांगितलेले नाही.

पाली भाषेतला 'सति' हा शब्द पाहा. आपण त्याचा अर्थ 'जागरूकता' असा करतो, पण त्याचा मूळ अर्थ आठवण, स्मृती असाच आहे. फार पूर्वी केलेले आणि बोललेलेही ज्याला आठवते, तो सतिमान, असे वर्णन सुत्तांतच येते. म्हणजे आठवण हा दोष नव्हेच. मज्झिम निकायातल्या भद्देकरत्त सुत्तात तथागत भूतकाळामागे धावू नका असे सांगतात आणि धावणे म्हणजे काय तेही उलगडतात. 'पूर्वी मी असा होतो, माझे असे होते' असे म्हणत मन त्यातच रमते, ती 'नन्दि', म्हणजे आसक्ती. बंधन तिचे असते.

२७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. बाबासाहेब त्या दुःखाने किती खचले होते, हे आपण जाणतो. तरी त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, म्हणजे पाच महिनेही उलटले नव्हते, येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि पुढे कित्येक वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. विसरले नाहीत, आणि थांबलेही नाहीत.

सुट्टीच्या दिवशी आलीला जा. तिथल्या कुंभारांची भांडी आपण हौसेने घेतो, पण शेजारचे मातीचे उंचवटे क्वचितच पाहतो. ती दिलमुन काळातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत. बहरीनमधल्या अशा ११,७७४ थडग्यांना २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. प्रत्येकावर कोणीतरी रडले असेल. आज बहुतेकांची नावेही उरलेली नाहीत. अनिच्च समजायला पुस्तक उघडायची गरज नाही, हमरस्त्यावर गाडी थांबवली तरी पुरे. (उन्हाळ्यात मात्र संध्याकाळीच जा!)

त्या उपासकाला मी सांगितले, मेसेज पुसू नका. ऐकताना फक्त मनाकडे पाहा: छातीत काय होते, मन 'तेव्हा जायला हवे होते' याच वाक्याभोवती किती वेळा फिरते. पाहिले की ते फिरणे हळूहळू मंदावते. एकदम थांबत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मी स्वतः पूर्वी रोज रात्री आईचा आवाज ऐकून झोपायचो. आता तिच्या स्मृतिदिनी ऐकतो. आणि सकाळी सहा वाजता गावी वडिलांना मीच फोन लावतो. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने बोलावे लागते. रूममधल्या मित्रांची त्याबद्दल रोज तक्रार असते.