देवशब्द सर्वांना ऐकू यावा म्हणून



दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविधीविषयीच्या दस्तऐवजात (क्र. ७) ख्रिस्तसभा शिकवते की, मंदिरात पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्त बोलत असतो. म्हणून शेवटच्या बाकावरील आजीला पहिले वाचन ऐकू आले नाही, तर ती किरकोळ बाब नव्हे. त्यासाठी दरवेळी नवा माईकच लागतो असे नाही. अनेकदा दोष जोडणीत असतो आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा छोटा ॲडॅप्टर तो दूर करतो.

१. घूंऽऽ असा आवाज : तीन पिनांच्या (एक्सएलआर) केबलमधील दोन तारा एकच आवाज परस्परांच्या उलट नेतात, भोवती जाळीचे कवच असते. वाटेत शिरलेला विजेचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असल्याने शेवटी वजा होतो. जुन्या ॲम्प्लिफायरसाठी वेदीपासूनच साध्या जॅकची केबल ओढली, तर हे संरक्षण जाते. लांबची केबल तीन पिनांचीच ठेवावी व ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर असलेला ॲडॅप्टर लावावा. आवाजाला जोरही येतो.

२. कीबोर्डचा फाटका आवाज : त्याचा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी जोरदार असतो. मधे लावलेला २० डेसिबलचा ॲटेन्यूएटर व्होल्टेज एक दशांशावर आणतो.

३. दोन माईक एकत्र लावताच आवाज पोकळ होणे : एका केबलमध्ये पिन २ व ३ उलट जोडलेल्या असू शकतात. फेज बदलणारा ॲडॅप्टर तात्पुरता चालेल. केबल दुरुस्त करणे उत्तम.

एक कळकळीची सूचना. घूंऽऽ घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणीही काढू नये. आत बिघाड झाल्यास माईक हाती धरलेल्या वाचकाच्या जिवावर बेतेल. ‘ग्राउंड लिफ्ट’ ॲडॅप्टर फक्त माईकच्या केबलचे कवच एका टोकाला तोडतो. विजेचे अर्थिंग शाबूत राहते. मात्र ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालणाऱ्या माईकला तो लावू नये, माईक बंद पडतो.

संत ऑगस्टीन योहान बाप्तिस्ताला आवाज आणि ख्रिस्ताला शब्द म्हणतात. शब्द हृदयात पोहोचला की आवाजाचे काम संपते. आपली यंत्रणाही अशीच असावी : स्वतःकडे लक्ष न वेधणारी. वाचकांनी व गायनवृंदाने मिस्सापूर्वी पंधरा मिनिटे यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने शेवटच्या बाकावर बसून ऐकावे.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू