लाळ गळणाऱ्या जनावराची परीक्षा

कापसाची वेचणी आटोपल्यावर अमरावती व अकोला जिल्ह्यांत गुरे पऱ्हाटीत चरावयास सोडतात. पुढे एखाद्या बैलाची लाळ गळू लागली, की काडी अडकली असे समजून शेतकरी त्याच्या तोंडात हात घालतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. प्रथम जनावर दुरून न्याहाळावे.

१. लाळ्या-खुरकूत : ताप, लंगडणे, खुरांच्या बेचक्यात व जिभेवर फोड. जनावर वेगळे बांधावे व मऊ चारा द्यावा. दर ६ महिन्यांनी लस टोचून घेतल्यास हा रोग टळतो.

२. पिसाळणे (रेबीज) : आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, चाल डळमळते. जनावर अंगावर धावेलच असे नाही; कुत्रा चावल्याचेही पुष्कळदा कोणी पाहिलेले नसते. लक्षणे दिसल्यावर यास उपाय नाही. लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

३. दात : गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढील दात नसतात; ते व्यंग नव्हे. सुमारे २ वर्षांपासून खालचे दुधाचे ८ दात जोडीजोडीने पडून नवे येतात. त्या वयात दात हलणे हा रोग नव्हे.

संशय असल्यास तोंड उघडण्याचे काम पशुवैद्यकावरच सोपवावे.