होडीची हरवलेली फळी

शिडाची होडी पाहिली म्हणजे आपली दृष्टि प्रथम शिडाकडे जाते. परंतु तिला सुखरूप घरीं आणणारा एक अवयव पाण्याखालीं असतो. तो म्हणजे मधली फळी. ती हरवल्यास नवी कशी करावी, हें आम्ही ऑप्टिमिस्ट होडीच्या उदाहरणानें सांगतों.

ही होडी अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत क्लार्क मिल्स यांनीं १९४७ सालीं मुलांसाठीं आखली. तिची लांबी सुमारें ७ फूट ९ इंच असून तळ सपाट आहे. मध्यभागीं असलेल्या उभ्या खांचेंतून फळी वरून खालीं सरकवितात. बाजूचा वारा शिडास पुढें रेटतो, तसाच आडवाही रेटतो. पाण्यांत उभी राहिलेली फळी हा आडवा रेटा अडविते. ती नसेल तर होडी वाऱ्याबरोबर घसरत जाते, आणि वारा ज्या बाजूनें येतो तिकडील किनारा गांठतां येत नाहीं. शिवाय होडी उलटली असतां ह्याच फळीवर भार देऊन ती सुलटी करावयाची असते.

प्रथम खांचेची लांबी व रुंदी वर आणि खालीं, दोन्हीकडे मोजावी. फळी किती खोल जावी, हें त्याच जातीच्या दुसऱ्या होडीवरून पाहावें. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो खांचेंत घालून पाहावा. मग पाण्यांत टिकणारें प्लायवुड घेऊन, वरच्या थराच्या रेषा उभ्या येतील अशा बेतानें कापावें. लांकूड ओलाव्यानें फुगतें. म्हणून फळी खांचेंत घट्ट बसवूं नये, किंचित् सैल ठेवावी. पुढील कड रंध्यानें व कानशीनें गोल करावी, मागील कड निमुळती करावी. माथ्याशीं दोन्ही बाजूंस पट्ट्या ठोकाव्या, म्हणजे फळी खालीं निसटणार नाहीं. कडांना व्हार्निशचे तीन हात द्यावे, कारण पाणी तेथूनच शिरतें. शेवटीं माथ्यास भोंक पाडून फळी दोरीनें होडीस बांधावी. नाहीं तर होडी उलटतांच तीही हरवेल.

शर्यतींत उतरावयाचें असल्यास त्या वर्गाचे मापाचे नियम आधीं पाहावे.

काम पुरें झाल्यावर लगेच दूर जाऊं नये. वडील मंडळी जवळ असतां, तरंगणारें जाकीट घालून, किनाऱ्याजवळ होडी मुद्दाम उलटवावी व फळीवर उभें राहून सुलटी करावी. आपल्या हातची फळी आपला भार सोसते, अशी खात्री झाल्यावरच शीड उभारावें.