अफूच्या खात्यात कॉफीचे काय काम?

प्रश्न : माझा भाचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयात ‘प्रोजेक्ट ऑफिसर’ म्हणून लागला आहे. नेमणूक म्यानमारमध्ये. तो तस्करांवर धाडी घालत असणार, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत. गणपतीला घरी आला तेव्हा विचारले, तर म्हणाला, “आत्या, मी कॉफीच्या रोपांची दरपत्रके मागवतो आणि अहवाल लिहितो.” अमली पदार्थांच्या खात्यात कॉफीचे काय काम? तो आमच्यापासून काही लपवत तर नाही ना? या कामात जिवाला धोका किती? आणि माझ्या मुलीने बी.एस्सी. अ‍ॅग्री केले आहे, तिला असे काम मिळेल का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, भाचा काही लपवत नाही, सांगतो आहे ते शब्दशः खरे आहे. तुमच्या एका पत्रात चार प्रश्न आहेत. आधी धाडींचे घेऊ, कारण बाकीचे तिन्ही त्यात अडकलेले आहेत.

या कार्यालयाला कुठल्याही देशात कुणाला अटक करण्याचा किंवा घराची झडती घेण्याचा अधिकार नाही. धाडी घालायच्या त्या त्या-त्या देशाच्या यंत्रणेने. आपल्याकडे हे काम एनसीबी, महसूल गुप्तचर संचालनालय आणि राज्यांचे पोलीस करतात. इंटरपोलबद्दलही आपला असाच गैरसमज असतो. सिनेमात काहीही दाखवोत, इंटरपोलचा माणूस स्वतः जाऊन कुणाच्या हातात बेड्या घालत नाही, देशोदेशींच्या पोलिसांना एकमेकांशी जोडून देतो.

मग हे कार्यालय करते काय? त्याचे मुख्यालय व्हिएन्नात आहे. १९९७ मध्ये अमली पदार्थांचे एक आणि गुन्हेप्रतिबंधाचे एक, असे दोन विभाग एकत्र करून ते उभे राहिले. जगातल्या बहुतेक देशांनी १९६१, १९७१ आणि १९८८ चे अमली पदार्थांविषयीचे तीन करार मान्य केले आहेत. पुढे संघटित गुन्हेगारीवर २००० मध्ये आणि भ्रष्टाचारावर २००३ मध्ये करार झाले. सही करणे सोपे असते. सहीनंतर मात्र प्रयोगशाळा लागते, कायद्याचा मसुदा लागतो, न्यायाधीशांना आणि सीमाशुल्काच्या लोकांना प्रशिक्षण लागते, व्यसनमुक्ती केंद्रे लागतात. ज्या सरकारला यातले जे जमत नाही, त्यात हात देणे हे या कार्यालयाचे काम. असे प्रत्येक काम म्हणजे एक प्रकल्प. त्याला ठरलेली मुदत, ठरलेली रक्कम आणि ते पार पाडायला नेमलेला एक माणूस. तो माणूस म्हणजे तुमचा भाचा.

कोणता पदार्थ कोणत्या यादीत टाकायचा, हेदेखील हे कार्यालय ठरवत नाही. ते ५३ सदस्य देशांचा एक आयोग मतदानाने ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये या आयोगाने गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी बाहेर काढले आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. त्या वेळी ‘गांजा आता कायदेशीर झाला’ असे निरोप मोबाइलवर बरेच फिरले. तसे काही झाले नव्हते. गांजा दुसऱ्या, नियंत्रणाच्याच यादीत राहिला आणि आपला १९८५ चा कायदाही जागच्या जागी आहे.

आता कॉफी. हे समजायला आधी शेतकरी अफू का लावतो, ते पाहू. म्यानमारच्या शान राज्यातले डोंगर डोळ्यांसमोर आणा. रस्ता नाही, बाजारपेठ दिवसभराच्या अंतरावर. तिथे कोबी लावला तर बाजारात पोहोचेपर्यंत त्याचा पाला होतो. अफूचे तसे नाही. पावसाळा सरता सरता खसखस पेरायची, काही महिन्यांत बोंडांना चिरे द्यायचे आणि चीक गोळा करायचा. वाळलेला चीक नासत नाही, वजनाला थोडा, किमतीला जास्त, आणि व्यापारी घराच्या दारात येऊन घेऊन जातो. वर पेरणीच्या वेळी उचलही देतो. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको: हुकमी गिऱ्हाईक असले, की शेतकरी ऊस सोडायला का तयार होत नाही, ते तुम्ही रोज पाहता. फरक एवढाच, की तिथला व्यापारी सशस्त्र टोळीला कर देऊन आलेला असतो.

अशा वेळी सरकारने पीक कापून टाकले, तर उचल काही फिटत नाही. शेतकरी कर्जात जातो आणि ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा अफूच लावतो. फार तर पलीकडच्या डोंगरावर, जिथे कुणी येणार नाही. नुसत्या बंदीने अफू थांबत नाही, जागा बदलते, हा धडा थायलंडने आधी गिरवला. तिथे अफूवर १९५९ मध्येच बंदी आली, पण डोंगरातली लागवड चालूच राहिली. १९६९ मध्ये राजे भूमिबोल यांनी डोंगरी भागासाठी राजप्रकल्प सुरू केला. पुढे १९८८ मध्ये राजमाता श्रीनगरिन्द्रा यांनी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, चियांग राय प्रांतातल्या दोई तुंग इथे काम काढले. तिथला क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आधी व्यसनी लोकांवर उपचार, मग रस्ता आणि पाणी, मग उजाड डोंगरावर झाडे लावण्याची रोजंदारी, म्हणजे घरात लगेच पैसा. कॉफी आणि मॅकाडेमिया त्यामागून आले. आणि कॉफीचे कच्चे बी विकून मोकळे होण्याऐवजी ती भाजून, पाकिटात भरून स्वतःच्या नावाने विकली, त्यामुळे मधली कमाई गावात राहिली. या प्रकल्पाची आखणीच ३० वर्षांची होती. ‘बंदी घातली आणि अफू गेली’ असे जे सांगतात, ते ही ३० वर्षे मोजत नाहीत.

म्यानमारमध्ये दक्षिण शानमध्ये हेच जमवण्याचा प्रयत्न चालतो. तिथल्या शेतकऱ्यांची ‘ग्रीन गोल्ड’ नावाची कॉफी सहकारी संस्था या कार्यालयाच्या मदतीने उभी राहिली आणि मालोंगो या फ्रेंच कंपनीने तिची कॉफी विकत घेण्याचा करार केला. कॉफीची अडचण अशी, की रोप लावल्यापासून हाती पीक यायला तीन-चार वर्षे जातात. तोवर घर काय खाणार? म्हणून मधल्या काळासाठी भाजीपाला नि धान्य, कॉफीवर सावली धरणारी झाडे, रोपवाटिका, फळ धुण्याची आणि वाळवण्याची सोय, असे सगळे एकदम लागते. तुमच्या भाच्याची दरपत्रके इथून येतात. रोपे पावसाच्या तोंडावर पोहोचली नाहीत, तर वर्ष बुडते. आणि वर्ष बुडाले, की उचल देणारा व्यापारी दारात हजरच असतो.

हे काम सोपे होत चालले आहे, असे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, अर्थव्यवस्था कोसळली आणि डोंगरातला शेतकरी पुन्हा अफूकडे वळला. २०२२ मध्ये तिथली लागवड ३३ टक्क्यांनी वाढून ४०,१०० हेक्टर झाली, २०२३ मध्ये ४७,१०० हेक्टर. दरम्यान तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि अफगाणिस्तानातली लागवड २०२३ मध्ये ९५ टक्क्यांनी घटली. परिणामी सुमारे १,०८० टन अंदाजित उत्पादनासह म्यानमार अफूत जगात पहिला आला. आकडे याच कार्यालयाच्या पाहणीतले आहेत. उपग्रहाची छायाचित्रे आणि गावोगावची माहिती जुळवून ते काढतात, आणि ते काढणे हाही एक प्रकल्पच असतो.

आता अहवालांचे. आपल्याला वाटते, युनोकडे स्वतःचा खजिना असेल आणि त्यातून हे सगळे चालत असेल. प्रत्यक्षात या कार्यालयाचा बहुतेक पैसा देशांच्या ऐच्छिक देणग्यांतून येतो आणि देणारा देश सहसा बजावून देतो, की हा पैसा अमुक देशात अमुक कामालाच वापरायचा. त्यातून साधारण १३ टक्के व्यवस्थापनखर्चासाठी वळते होतात. उरलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब प्रोजेक्ट ऑफिसरने द्यायचा असतो: प्रकल्पाचा मसुदा, अपेक्षित परिणामांचा तक्ता, सल्लागारांच्या कामाच्या अटी, निविदा, सरकारी खात्यांशी बैठका, प्रगतीचा अहवाल, मुदत संपत आली आणि काम उरले तर मुदतवाढीचा अर्ज, शेवटी बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन. दिवसाचा बराच भाग संगणकासमोर जातो. गावाकडे जाणे असते, पण नातेवाइकांना वाटते तेवढे नसते.

या अहवालांत एक खरी मेख आहे. देणाऱ्याला ‘इतके हेक्टर अफू कमी झाली’ असा आकडा आवडतो. पण एका खोऱ्यात अफू कमी होऊन शेजारच्या खोऱ्यात वाढली, तर प्रकल्प यशस्वी म्हणायचा का? २०१३ मध्ये राष्ट्रसंघाच्या महासभेने ‘पर्यायी विकासा’ची, म्हणजे अफूऐवजी दुसऱ्या उपजीविकेची वाट देण्याच्या अशा कामाची, जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा रोख नुसत्या हेक्टरांऐवजी माणसांच्या राहणीमानावरही आहे. प्रामाणिक अधिकारी दोन्ही आकडे देतो आणि मग दोन्हीकडून बोलणी खातो.

शिवाय कॉफीला एक मर्यादा आहे. त्याच शान राज्यात मेथॅम्फेटामाइन मोठ्या प्रमाणावर बनते आणि त्याला शेत लागतच नाही; रसायने आणि एक आडोसा पुरतो. २०२३ मध्ये पूर्व आणि आग्नेय आशियात हा पदार्थ १९० टन पकडला गेला. त्यापुढे रोपवाटिका काय करणार? म्हणून भाच्याचेच काही सहकारी रसायनांच्या व्यापारावर लक्ष ठेवायला सरकारांना शिकवतात, तर काही बंदरांवर काम करतात. जगातल्या कंटेनरांपैकी २ टक्केही उघडून पाहिले जात नाहीत. तेव्हा नेमका कोणता उघडायचा, हे कागदपत्रांवरून ओळखायचे कसब शिकवणारा कार्यक्रम २००४ पासून जागतिक सीमाशुल्क संघटनेबरोबर चालू आहे.

आणखी काही सहकारी शाळांकडे वळतात. २६ जूनला, म्हणजे शाहू महाराजांच्या जयंतीच्याच दिवशी, अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि तुमच्याकडच्या शाळांतही प्रभातफेरी, कवटीचे चित्र काढलेले फलक आणि एखादे भाषण होत असेल. हौसेला माझी हरकत नाही. पण भीती दाखवणारे एकदाचे भाषण किंवा भित्तिपत्रक यांनी मुले व्यसनापासून दूर राहतात, असे अभ्यासांत आढळत नाही. मित्राला ‘नको’ म्हणायचे कसे, राग आणि ताण आवरायचा कसा, हे वर्षभर थोडे थोडे शिकवले आणि आईवडिलांनाही त्यात घेतले, तर फरक पडतो. फेरीचा फोटो अहवालात छान दिसतो, ही मात्र जगभरची अडचण आहे.

धोक्याचे म्हणाल तर आहे, पण तुम्ही समजता तसा नाही. अधिकारी शस्त्र बाळगत नाही, वेश बदलून हिंडत नाही. दौऱ्याआधी सुरक्षा विभागाची परवानगी लागते आणि परिस्थिती बिघडली, की दौरे रद्द होतात. प्रकल्पाचा माणूस गावातल्या कुणाची नावे पोलिसांना पुरवत बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गावात कुणी उभे करणार नाही, आणि सगळे काम विश्वासावर चालते. खरी जोखीम अशांत प्रदेशातल्या प्रवासाची, आजारपणाची आणि नोकरीची. हो, नोकरीची. युनोत लागला म्हणजे जन्माची सोय झाली, ही समजूत सोडून द्या. प्रकल्पावरची नेमणूक बहुधा प्रकल्पाच्या पैशाला बांधलेली असते. २०२५ मध्ये देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, तेव्हा राष्ट्रसंघाच्या अनेक संस्थांना माणसे कमी करावी लागली.

राहिली तुमची मुलगी. कृषी पदवी इथे कामाची आहे. कायदा, औषधशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य यांचीही माणसे लागतात. आंतरराष्ट्रीय पदांसाठी साधारणपणे पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव मागतात: ‘पी-२’ श्रेणीला दोन वर्षांचा, ‘पी-३’ ला पाच वर्षांचा. तरुणांसाठी ३२ वर्षांपर्यंतची वेगळी परीक्षा असते, पण ती ठरावीक देशांच्याच नागरिकांना खुली असते आणि देशांची यादी दर वर्षी बदलते. भारताचे नाव आहे का, हे आधी पाहावे. दुसरी वाट जवळची आहे. या कार्यालयाचे दक्षिण आशियाचे केंद्र दिल्लीत आहे आणि तिथे भारतीय नागरिकांसाठी राखीव अशी ‘राष्ट्रीय अधिकारी’ पदे निघतात. त्याआधी तिने दोन-तीन वर्षे एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत काढावीत, असे मी सुचवेन. सभासदांचा माल गोळा करणे, प्रतवारी करणे, पैसे वेळेवर देणे आणि भांडणे मिटवणे हे जिने केले आहे, तिला शानमधल्या कॉफी संस्थेचे काम परके वाटणार नाही.

अर्ज राष्ट्रसंघाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करायचा. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, यांपैकी कशासाठीही राष्ट्रसंघ पैसे घेत नाही. ‘युनोत लावून देतो’ म्हणत कुणी फोन करून अनामत मागितली, तर त्याचा नंबर सायबर पोलिसांना द्या. त्यांना धाड घालण्याचा अधिकार आहे.